बारा खाचांची तबकडी

माझ्या अब्बांची मान वळत नाही. मागून कुणी हाक मारली की ते अख्खे वळतात, अरुंद बोळात ट्रक वळवावा तसे, आधी जागा पाहून. पांढरकवड्याला हायवेच्या कडेला त्यांचं गॅरेज आहे. नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या गाड्यांच्या पोटाखाली उताणं पडून त्यांनी अर्धं आयुष्य काढलं. चाळिशी ओलांडली आणि पाठ अशी आखडली की गाडीखालून बाहेर ओढायला दोन माणसं लागायची. पुढं ते खाली जाणंच बंद झालं. गाडीखाली न जाणाऱ्या मिस्त्रीकडं कोण गाडी आणतं? गिऱ्हाईक समोरच्या गॅरेजकडं वळलं. अम्मी हंगामात जिनिंगवर, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, जायला लागली. संध्याकाळी यायची तेव्हा तिच्या भुवयांवर, पापण्यांवर रुई बसलेली असायची. ती म्हातारी होऊन यायची आणि हौदावर तोंड धुतलं की परत आमची अम्मी व्हायची.

सगळे म्हणायचे, मिस्त्रीची पाठ कामानं गेली. कामानं नाही गेली, पाण्यानं गेली.

बोरटेक हे आमचं मूळ गाव. हायवे सोडून जंगलाच्या बाजूनं आत गेलं की लागतं. तिथल्या जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड आहे. ते दिसत नाही, त्याला वास नाही, उकळून जात नाही. लहान लेकराच्या दातांवर ते तपकिरी डाग पाडतं आणि मोठ्या माणसाची हाडं एकमेकांना जखडून टाकतं. मी पाचवीपर्यंत बोरटेकचं पाणी प्यायले. माझे दात तपकिरी आहेत. कॉलेजात मी तोंडावर हात ठेवून हसायचे. वर्गातल्या मुलींना वाटायचं, मी लाजाळू आहे. मी कधीच लाजाळू नव्हते.

बी.एस्सी. झाले, इलेक्ट्रॉनिक्स घेऊन. आमच्या खानदानात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी मिरवते. ज्यांच्या घरात तीन पिढ्या शिकून झाल्या त्यांनी खुशाल नम्र व्हावं. आम्हाला अजून तेवढी सवड मिळालेली नाही.

*

परवा बाभळीला कापूस लागला.

बाभळीला कापूस लागत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण दसरा झाला की आमच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या सुरू होतात. गाडीच्या दोन्ही अंगांना गाठोडी फुगून बाहेर आलेली असतात. वळणावर ती बाभळीला घासतात आणि प्रत्येक काट्याला एकेक बोंडाएवढा पांढरा झुबका लटकतो. शाळेतली पोरं तो काढतात आणि एकमेकांना मिशा लावतात. ऊन तिरपं झालं की हवेत तरंगणारे तंतू दिसायला लागतात. बाहेरगावची माणसं म्हणतात, किती सुंदर.

मी ते पाहिलं की माझा श्वास आपोआप हळू होतो. त्या एका हंगामानं मला ही सवय लावली. गॅरेजच्या दारात उभी राहून मी हवा पाहते. आजही, काही कारण नसताना.

तेव्हा माझी मोठी बहीण, आपा, बोरटेकलाच दिलेली होती. तिची सायमा रांगायला लागली होती. मी गेले की ती माझं बोट तोंडात घ्यायची आणि दोन नवे दुधाचे दात रोवायची. पांढरेशुभ्र, तांदळाच्या कणीसारखे. आपा हसायची, "चावली का मावशीले? अजून चाव!" मी हसायचे, पण बोट हिरडीवरून फिरवताना मला पुढचं दिसायचं. पक्के दात काही सहाव्या वर्षी एकदम उगवत नाहीत. ते याच वयात, हिरडीच्या आत, गुपचूप घडत असतात. जे पाणी आता पोटात जाईल, तेच पुढं त्या दातांवर दिसणार. आपाचा नवरा पांढरकवड्याहून मोटारसायकलवर पाण्याची कॅन न्यायचा. रोज जमायचं नाही. ज्या दिवशी कॅन नसायची त्या दिवशी हापशी होतीच.

गावातल्या सगळ्या हापशांना लाल रंग फासलेला होता. लाल म्हणजे पिऊ नका. लोक प्यायचे. लाल रंगानं तहान भागत नाही.

त्या वर्षी गावाला एक नवा बोअर मंजूर झाला. एकच. कापूस निघाला, शेतं मोकळी झाली की बोअरची गाडी येणार होती. कुठं मारायचा, हे गावानं ठरवायचं होतं. सरपंच रामदासभाऊ, अब्बांचे लहानपणचे दोस्त, गॅरेजमध्ये येऊन बसले आणि म्हणाले, "मिस्त्री, नारळ हातात धरून पाणी सांगणारा आणलता. त्यानं जागा दाखवली. पाणी लागन म्हणते."

"पाणी तर सगळीकडंच लागते भाऊ," मी म्हटलं. "ते पिण्यालायक आहे काय, हे नारळ सांगते काय?"

 रामदासभाऊ म्हणाले, "आमच्या लहानपणी एक प्रोफेसर आलता. जीपमधी. त्यानं नाल्याच्या अंगानं भोकं पाडलती, बाटल्या भरून नेलत्या. त्याले मालूम असन."

*

त्या प्रोफेसरांना मी पाहिलेलं नाही. पण त्यांच्याबरोबर बाटल्या उचलणारा माणूस मला शिकवायला होता. वानखडे सर. यवतमाळला आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते, आता निवृत्त. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "पोरी, ते सर तं गेले. त्यायचे कागद वाळवीनं खाल्ले. पण आकडे आहेत. मी भंगारात जाऊ देले नाहीत."

आकडे दोन तबकड्यांमध्ये होते.

आजच्या पोरांना सांगायचं तर, पूर्वी कॉम्प्युटरची माहिती परातीएवढ्या तबकडीवर साठवायचे. लोखंडावरच्या गंजासारख्या तपकिरी रंगाचा चुंबकी लेप दिलेली तबकडी, प्लास्टिकच्या चपट्या डब्यात बंद. तो डबा कपाटाएवढ्या ड्राइव्हमध्ये सरकवायचा. आत तबकडी गरगर फिरते आणि टेपरेकॉर्डरला असतं तसं हेड तिच्यावरून माहिती वाचतं. कॉलेजात असे दोन जुने ड्राइव्ह धूळ खात पडले होते. वानखडे सरांनी परवानगी मिळवली, आणि अब्बांच्या ओळखीच्या गाडीतून ते दोन्ही, तबकड्यांसकट, गॅरेजमध्ये उतरले.

रामदासभाऊंनी डबा हातात घेऊन उलटासुलटा केला. "हा तं माह्या मायचा भाकरीचा तवा होय! याच्यात आमच्या गावचं पाणी मावलं काय बाप्पा?"

"उलटा नका करू," वानखडे सर ओरडले. ते त्या दिवशी मुद्दाम यवतमाळहून आले होते. डबा परत घेऊन त्यांनी तो छातीशी धरला आणि मला खरी अडचण सांगितली. "या तबकड्या आपल्या मशीनच्या नोहेत. सरांनी आकडे हैदराबादले नेऊन दुसऱ्याच मशीनवर भरून आणले. इथं आणल्यावर आपला ड्राइव्ह त्या वाचेच ना. तेव्हापासून कोणीच वाचल्या नाहीत. सरांनीबी नाही."

मी दोन्ही डबे उघडून शेजारी ठेवले, कॉलेजची तबकडी आणि प्रोफेसरांची. मापाला सारख्याच. फरक मधल्या लोखंडी कड्यात होता. त्या कड्याला खाचा असतात. तबकडी फिरताना एकेक खाच मशीनच्या डोळ्यासमोरून जाते आणि मशीन मोजतं, हा पहिला घास, हा दुसरा. भाकरीचे कुणी चार तुकडे करतो, कुणी आठ, तसं. आमचा ड्राइव्ह सोळा खाचांचा होता. प्रोफेसरांच्या तबकडीला बारा होत्या. सोळा मोजायची सवय असलेलं मशीन बाराव्या खाचेनंतर तेरावीची वाट पाहतं, तोवर पुढचा फेरा सुरू होतो, आणि मग कुणाचंच घर जागेवर राहत नाही. शिवाय हैदराबादचं मशीन आमच्यापेक्षा हळू फिरायचं. वेगानं फिरवलं तर लिहिलेलं सगळं एकमेकांवर चढणार.

मोजणी माझ्या हातात होती. बोर्डावरची तार कुठून काढून कुठं जोडायची हे शोधायला मला अख्खा पावसाळा लागला. पण एक दिवस मशीननं बारा मोजले आणि परत एकपासून सुरुवात केली. हेडमधून येणारे ठोके पकडून लॅपटॉपमध्ये साठवायला मी एक छोटा बोर्ड बसवला. त्यासाठी जुन्या कॉम्प्युटरची गरजच नव्हती. वेग मात्र अब्बांचा. ड्राइव्हची मोटर पट्ट्यानं तबकडी फिरवते. मोटरची पुली लहान केली की तबकडी हळू होते. ट्रकचा जुना फाळका, मागची फळी, आडवा टाकून आम्ही टेबल केलं होतं. कमरेएवढं उंच, वाकायचं काम नाही. अब्बा स्टुलावर ताठ बसून खरादावर, लेथवर, कातून आणलेली पुली घासायचे, लावायचे, काढायचे, परत घासायचे. किती दिवसांनी त्यांच्या नखांत काळं दिसलं.

अब्बा घरात हिंदीच बोलतात. पुली बसली तेव्हा अब्बा म्हणाले, "बेटा, धीमा तो कर दिया. धीमा मतलब अच्छा ना?"

तेव्हा मी हो म्हटलं. पण ते अर्धंच खरं होतं.

*

हेड तबकडीला टेकत नाही. फिरणाऱ्या तबकडीबरोबर हवा फिरते आणि त्या हवेच्या पातळ गादीवर हेड तरंगतं. ती गादी किती पातळ? डोक्यावरचा एक केस उभा चिरून त्याचे पंचवीस-तीस काप करता आले, तर त्यातल्या एका कापाएवढी. आणि तबकडी जितकी हळू, तितकी गादी पातळ. वेग कमी करून आम्ही हेड तबकडीच्या आणखी जवळ नेऊन ठेवलं होतं. दोघांच्या मधे कापसाचा एक तंतू, सिमेंट फॅक्टरीच्या गाडीतून उडालेला एक कण, काहीही आलं की संपलं. आणि आम्ही बसलो होतो हायवेच्या कडेला, कापसाच्या मुलखात.

दसऱ्याला आमच्या गॅरेजमध्ये ट्रक पूजेला येतात. अब्बा पाच वक्ताचे नमाजी, पण ड्रायव्हरांच्या गाड्या धुऊन, झेंडूचे हार लावून, पान्यांना आणि जॅकला हळदीकुंकू लावायला ते स्वतः मदत करतात. "हत्यार का दिन है," म्हणतात. रामदासभाऊंनी आधीच सांगून टाकलं होतं की मशीन दसऱ्यालाच सुरू व्हायचं. मी म्हटलं, होऊ द्या, पण धूर नको. उदबत्ती मशीनजवळ नको. दोघांनीही हो म्हटलं.

आणि त्यांनी माझं ऐकलं. मशीनसमोर नाही, मशीनवर नाही. फाळक्याच्या खाली, जमिनीवर, मशीनच्या पायाशी रामदासभाऊंनी अदबीनं उदबत्ती खोचली. अब्बांनी मातीच्या धुपाटण्यात चिमूटभर लोबान टाकून ते भाऊंच्या हातानं शेजारी ठेवलं, कारण सुरुवात त्यांच्याकडूनही व्हायला पाहिजे होती. देवाच्या चरणी ठेवतात तसं ठेवलं. मी पलीकडच्या बाजूला लॅपटॉपसमोर होते. मला गॅरेजभर दरवळणारा दसऱ्याचा वास आला, पायाशी काय जळतंय ते दिसलं नाही.

ड्राइव्हचा पंखा हवा खालूनच ओढतो. आतली जुनी गाळणी वर्षानुवर्षं पडून आतून पीठ झाली होती, हे नंतर उघडल्यावर कळलं.

तबकडीनं वेग घेतला. हेड पुढं सरकलं. पडद्यावर ठोके दिसायला लागले. मी "आलं!" म्हणून ओरडले. आणि मग आवाज आला. चर्रर्र. पत्र्यावर खिळा ओढावा असा, पण बारीक, दातांत शिरणारा. अब्बांनी माझ्या आधी ओळखला. हात लांब करून त्यांनी बटण बंद केलं.

डबा उघडला. तपकिरी तबकडीवर एक चकचकीत कडं उमटलं होतं. लेप खरवडून निघाला होता, खालचं ॲल्युमिनियम डोळे मिचकावत होतं. माझ्या दातांच्या रंगाची भुकटी आतभर उडाली होती. हेडसुद्धा गेलं.

दोन तबकड्यांपैकी एक संपली. बोरटेक कुठल्या तबकडीवर होतं, हे वानखडे सरांनाही माहीत नव्हतं.

 बाहेर ड्रायव्हर एकमेकांना आपट्याची पानं देत होते, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." रामदासभाऊंनी फोडायला आणलेला नारळ हळूच पिशवीत परत ठेवला. उदबत्ती त्यांनी चिमटीत धरून विझवली. बोट भाजलं असणार.

माझ्या डोळ्यांत पाणी पाहून अब्बा अख्खे माझ्याकडं वळले. "इंजन बैठा तो मिस्त्री रोता नहीं, बेटा. खोलता है."

*

मग उघडलं सगळं. दुसऱ्या ड्राइव्हमधून हेड काढून पहिल्याला बसवलं. त्यानंतर जगात आमच्यासाठी आणखी हेड नव्हतं. गाळणीच्या जागी अब्बांनी नागपूरहून मागवलेली बारीक गाळणी बसवली, आणि तिच्या पुढं मोटारीच्या एसीची. ड्राइव्हच्या पंख्याचं तोंड पत्र्याची नळी लावून जमिनीपासून वर घेतलं. गॅरेजच्या मागच्या खोलीची खिडकी, दार, कौलांखालची फट, सगळीकडं अम्मीनं ओल्या चादरी टांगल्या. जमीन सारखी पुसायची. तबकडी पुसायला कापूस चालत नाही. कापसाच्या तालुक्यात राहून आम्ही चष्म्याचं कापड विकत आणलं. अम्मीला जिनिंगवरून आल्यावर त्या खोलीत यायला मी मनाई केली होती. ती दारातूनच भांडायची, "आपल्याच घरात मले बंदी! मोठी आली इंजिनेर!" आणि तरी अंघोळ करून, केसाला ओला टॉवेल गुंडाळून रोज एकदा दाराशी येऊन विचारायची, "कवा चालू करून राह्यली?"

मी चालू करत नव्हते. मला भीती वाटत होती. खरं सांगायचं तर तो हंगाम म्हणजे भीतीच. रोज काही ना काही निघायचं. आज वारा आहे. आज समोर गाठोडी उतरून राह्यली. आज जीव ठिकाणावर नाही. तिकडं शेतं पांढरी होऊन परत काळी पडत चालली होती. पहिला वेचा झाला, दुसरा झाला. आपा फोनवर पोरीचं रडणं ऐकवायची. मी विचारायचे, आज कॅन होती का? ती म्हणायची, "होती." तिच्या आवाजावरून मला कळायचं, नव्हती.

रामदासभाऊ आले आणि दारातच उभे राहिले. दसऱ्यापासून ते आत येत नव्हते. "शबाना," ते म्हणाले, "गाडीवाल्याचा फोन आलता. पुढच्या हप्त्यात येते म्हणे. तुह्यानं होत नसन तं सांग. नारळवाल्याच्या जागी मारतो. गावाचे लोक मले विचारून राह्यले."

"उद्या," मी म्हटलं.

अब्बांनी तेवढ्यात एक काम करून ठेवलं होतं. लाइट गेली तर तबकडी मंदावते, गादी बसते आणि हेड तबकडीवर पडतं. म्हणून ड्राइव्हमध्ये एक बॅटरी असते, लाइट जाताच हेड झटक्यानं मागं ओढणारी. ती कधीच मेलेली होती. अब्बांनी तिच्या जागी मोटारसायकलची बॅटरी जोडली, आणि रिकाम्या ड्राइव्हवर मेन स्विच पाडून, परत लावून, परत पाडून पाहत बसले. खट्. हेड मागं. खट्. हेड मागं. मी म्हटलं, "बस झालं अब्बा." ते म्हणाले, "ब्रेक एक बार लगा, इसका मतलब लगता है ऐसा नहीं."

*

आमच्याकडं हिवाळ्याच्या तोंडाशी पहाटे दहिवर पडतं. कापूस ओला असतो, म्हणून वेचायला कुणी जात नाही. गाड्या भरलेल्या उभ्या असतात. रुई, धूळ, सगळं दहिवराच्या वजनानं खाली बसलेलं असतं. दिवसातली तेवढी एकच वेळ हवा जमिनीवर डोकं टेकते. आम्ही ती निवडली. वानखडे सर आदल्या दिवशीच येऊन राहिले होते. अब्बा, सर आणि मी, तिघांनीही डोक्याला ओली फडकी बांधलेली. आरशात पाहिलं असतं तर हसू आलं असतं.

अब्बा पुटपुटले, "बिस्मिल्ला कर."

तबकडी फिरायला लागली. आधी घुं, मग भुंग्यासारखा आवाज, मग एकसुरी. अब्बांनी पेचकसाचं, स्क्रूड्रायव्हरचं, टोक मशीनच्या अंगाला आणि मूठ कानाला लावली, इंजिन ऐकतात तशी. डोळे मिटले. मी हेड सोडलं. पडद्यावर पहिली रांग आली. बराच वेळ शून्यं, मग एक, आणि मग आकडे. बाराव्या तुकड्यानंतर पहिला. सर माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होते आणि श्वास रोखत होते. मीही रोखत होते. हेड बाहेरच्या कडेपासून एकेक पट्टी आत सरकत होतं. गावांची नावं इंग्रजी अक्षरांत, मोडकीतोडकी. ओळखीची गावं. शेजारची गावं. बोरटेक नाही.

आणि लाइट गेली.

खोलीत लॅपटॉपच्या पडद्याचाच उजेड उरला. खट्, असा आवाज झाला. तो खट् होता की आणखी काही, हे मला कळेना. तबकडीचा आवाज उतरत होता, घुं, मग भिंगरी थांबावी तसा, मग काहीच नाही. अब्बांनी पेचकस कानावरून काढला नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत होते. त्यांची मान वळत नाही, म्हणून ते नुसते समोर, अंधारात बघत होते. मला वाटलं, आपण इथंच संपलो. सायमा, तिचे दात, सगळं या खोलीत संपलं.

"छुआ नहीं," अब्बा म्हणाले. "मैं सुन रहा था. पहले पीछे गया, फिर धीमा हुआ."

सरांनी भिंतीला पाठ टेकली. "मिस्त्री, तुमी माहा जीव घेता काय?"

लाइट आली तेव्हा उजाडत होतं. हायवेवर कापसाची पहिली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. दहिवर उडायच्या आत संपवायचं होतं. अब्बांनी बॅटरीच्या तारा परत दाबून पाहिल्या. मी तबकडी डोळ्यांजवळ नेऊन तिरप्या उजेडात फिरवून पाहिली. एकही कडं नाही, एकही रेघ नाही. परत लावली. परत घुं, परत भुंगा, परत एकसुरी.

बोरटेक आतल्या पट्ट्यांवर होतं. दोन भोकं. एक गावठाणाजवळचं, एक नाल्याच्या पलीकडं.  सरांनी आकड्यांवर बोट ठेवलं. नाल्यापलीकडच्या भोकात वरच्या काळ्या दगडातलं पाणी पिण्यालायक होतं. खाली पांढुरका दगड लागला की पाणी भरपूर, आणि फ्लोराइड पण भरपूर. गावठाणाजवळ काळा दगड पातळ, पांढुरका लगेच. आमच्या सगळ्या लाल हापशा गावठाणाजवळ होत्या. सगळ्या खोल मारलेल्या. पाणी जास्त पाहिजे म्हणून आम्ही स्वतःच खाली, विषापर्यंत गेलो होतो.

*

बोअरच्या गाडीचा आवाज ज्यानं ऐकला तो विसरत नाही. नाल्यापलीकडं अख्खा गाव उभा होता. काळी भुकटी उडत होती. मग ती ओली झाली, चिखल झाला. पाणी लागलं. थोडंच.

गाडीवाला माझ्याकडं येऊन ओरडला, "मॅडम, पानी कम है. और सौ फुट मारता, एकदम फव्वारा!"

मागून गावातली माणसं म्हणायला लागली, "मारू द्या ना! एवढ्याशा पाण्यानं गावाले पुरन काय?" "एकच तं बोअर आहे, भाऊ!" एक म्हातारी माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "हे पोरगी काय पाणी अडवून राह्यली?"

मी तोंडावरचा हात काढला. मी नकळत तिथं हात नेला होता, हे तेव्हाच लक्षात आलं. "हे पाहा माहे दात," मी म्हटलं, "आणि हे पाहा अब्बाची मान. खाली गेलं की हेच पाणी. धुवायले, ढोरायले लाल हापशा आहेत. हे फक्त प्यायले. इथंच थांबा."

गाडीवाल्यानं रामदासभाऊंकडं पाहिलं. दसऱ्यापासून माझ्या डोळ्याला डोळा न भिडवलेले रामदासभाऊ पुढं आले.

"पोरगी थांब म्हणते," ते म्हणाले, "तं थांब."

गाडी थांबली. मग त्यांनी पिशवीतून नारळ काढला. तोच दसऱ्याचा होता की नवा, मी विचारलं नाही. त्यांनी तो दगडावर फोडला, उदबत्ती लावली, आणि माझ्याकडं पाहून विचारलं, "आता धूर चालते ना?"

"आता कितीबी करा," मी म्हटलं.

*

त्याला आता वर्षं झाली. तो ड्राइव्ह मागच्या खोलीत झाकून ठेवला आहे. अधूनमधून कुणी जुनी तबकडी घेऊन येतं. कुणाच्या आठ खाचा, कुणाच्या वीस. मी तारा बदलते, अब्बा पुली घासतात. अब्बांची मान वळत नाही ती नाहीच. जखडलेलं हाड सुटत नाही. माझ्या दातांचा रंगही गेला नाही. बाभळीवर कापूस दिसला की मी अजून हळू श्वास घेते.

नाल्यापलीकडच्या हापशीला निळा रंग दिला आहे. धार बारीक आहे, पण अजून तुटलेली नाही. पाणी दर वर्षी तपासतो. पिण्यालायक निघतं.

सायमा आता तिसरीत आहे. तिचे पुढचे पक्के दात आले. पांढरे आहेत.